ओट्यासमोरची खिडकी

लग्न होऊन १९९८ साली मी निफाड तालुक्यातल्या या घरात आले. माहेर कल्याणचं. तिथं थंडी म्हणजे चार दिवस पंखा बंद आणि कपाटातला स्वेटर एकदा बाहेर काढून परत आत! इथं पहिल्याच मार्गशीर्षात पहाटे नळाखाली हात धरला आणि रडूच फुटलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आधी खिडकीतली बाटली बघायची, मग नळ सोडायचा."

ती खिडकी आमच्या ओट्यासमोर आहे. पूर्वेकडची, लोखंडी गजांची. समोर विहीर, बांधावरची बाभूळ आणि त्यापलीकडे आमची दोन एकर द्राक्षबाग. खिडकीच्या फळीवर खोबरेल तेलाची बाटली. तेच सासूबाईंचं थर्मामीटर. चहा झाल्यावर तेल पातळ व्हायला लागलं तर थंडी बेताची. दुपारच्या भाकऱ्या झाल्या तरी बाटली पांढरीफटक असली, की त्या ह्यांना हाक मारायच्या, "आज रातच्याला पेटवावं लागतंय रे."

पेटवायचं म्हणजे बागेत शेकोट्या. पारा फारच उतरला की द्राक्षमण्यांची फुगवण थांबते, पिकत आलेले मणी तडकतात. मग पहाटे तीनला उठून बागेच्या कडेनं पालापाचोळा पेटवायचा, धूर करायचा, ठिबकनं विहिरीचं पाणी सोडायचं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा गरम असतं ना! मी चहाचं आधण ठेवून खिडकीत उभी. अंधारात दहा-बारा ठिकाणी लाल ठिपके, आणि त्यांच्यामधून फिरणारी ह्यांची बॅटरी. ती बॅटरी थोडा वेळ दिसली नाही तरी जीव खालीवर व्हायचा.

तुमच्या घरातही अशी एखादी खिडकी असेलच. आपण बायका तिच्यासमोर किती तास उभ्या असतो, याचा हिशेब कोण ठेवतो? मी मात्र एक हिशेब ठेवला. दुधाच्या खाड्यांसाठी भिंतीवर कॅलेंडर होतंच, त्याच्याच चौकोनात एकेक शब्द लिहायला लागले. 'धुकं.' 'दव खूप.' 'शेकोटी.' 'बाटली बारापर्यंत घट्ट.' हे हसायचे, "दुधाबरोबर थंडीचंही बिल देणारेस का?"

लिहायला लागल्यावर काय काय दिसायला लागलं! नवरात्रात बाभळीच्या आसपास उगवणारा सूर्य डिसेंबरात उजवीकडे सरकत पार विहिरीच्या रहाटामागे जातो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो म्हणतात. खरं तर तो २२ डिसेंबरच्या सुमारालाच वाढायला लागतो, पण ती वाढ आधी संध्याकाळकडे मिळते. सकाळ उलट जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जाते. म्हणून तर भोगीला तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापायला घेते, तेव्हा बाहेर मिट्ट अंधार. मला वाटायचं, माझंच घड्याळ पुढे आहे!

२०१८ च्या डिसेंबरअखेरीला इथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. त्या सकाळी खिडकीचे गज हाताला चटका बसल्यासारखे लागले. समोरच्या गवतावर दवाचं बर्फ झालं होतं. सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या. मी बशीत थोडं गवत नेऊन दाखवलं. त्यांनी बोटानं चाचपून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "बाग?" त्या वर्षी बाग वाचली. सासूबाई मात्र पुढचा हिवाळा पाहू शकल्या नाहीत.

थंडीची भीती मी त्यांच्याकडून शिकले. ढगांची भीती मात्र माझी मला शिकावी लागली.

हिवाळ्यात आभाळ निरभ्र असलं की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब वर सोडून देते, म्हणून पहाट कडक. ढग आले की जमिनीवर गोधडी घातल्यासारखं होतं, थंडी कमी होते. शहरातल्या नणंदेचा फोन येतो, "बरं झालं बाई, गारठा उतरला." इथं आमच्या पोटात गोळा! दमट हवेत बागेवर डाऊनी येतो, फवारणीवर फवारणी होते, औषधाच्या दुकानातली उधारी वाढत जाते.

१ डिसेंबर २०२१ ला ऐन हिवाळ्यात पाऊस लागला. आणि २६ नोव्हेंबर २०२३, रविवार. त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे लावायचे म्हणून मी खिडकीशी वाती वळत बसले होते. दुपारीच अंधारून आलं. आधी पत्र्यावर एक-दोन टपटप, मग कानठळ्या. गारा! विहिरीच्या कठड्यावरून उसळून खिडकीतून आत ओट्यावर आल्या. समोर बागेची पानं चाळणी होऊन खाली पडताना दिसत होती. हे दारात उभे होते. हातात छत्री, पण उघडलेली नाही. त्या दिवसाच्या चौकोनात मी काहीच लिहिलं नाही. दिवेही लागले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात हे म्हणाले, "सगळीच काढून टाकू." मुलगा म्हणाला, "एकही वेल काढायचा नाही, प्लास्टिकचं आच्छादन घालू." आच्छादनाचा खर्च ऐकूनच माझे डोळे पांढरे झाले. दोघांचं बोलणं बंद. आठवडाभर ताटं वेगवेगळ्या वेळी वाढली. शेवटी मी माळ्यावरून जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी काढली आणि जेवणाच्या वेळी दोघांपुढे पसरली. जुन्या पानांवर 'शेकोटी, शेकोटी'. अलीकडच्या पानांवर 'ढग', 'ढग', 'भुरभुर'. कोणी काही बोललं नाही. ह्यांनी चष्मा लावून एकेक महिना उलटला. भात गार झाला.

एक एकर बाग काढली. एक ठेवली, आणि तिच्यावर कर्ज काढून आच्छादन घातलं. हे बरोबर की चूक, मला अजून सांगता येत नाही. हप्ते चालू आहेत.

काढलेल्या एकरात आता कांदा आणि गहू. वेलींचा पडदा गेल्यामुळे खिडकीतून पलीकडचा रस्ता दिसतो, सकाळच्या शाळेला जाणारी कानटोपी घातलेली पोरं दिसतात. गव्हाला थंडी हवी असते, म्हणून डिसेंबरात मी आता बाटली घट्ट राहावी म्हणते, आणि उरलेल्या बागेसाठी फार घट्ट नको म्हणते. देवानं तरी कोणाचं ऐकावं?

काल पहाटे उठले तर हे आधीच खिडकीशी. बाटली उजेडाकडे धरून तिरकी करून बघत होते. मला पाहिल्यावर म्हणाले, "पेन कुठं ठेवलंस?"