कान नदीकाठचं मोडलेलं गाव

सावदा आणि सावळदा. नावांत एका अक्षराचा फरक, गावं दोन्ही तापीखोऱ्यातली. आमच्या सावद्याचं नाव केळीच्या वॅगनींबरोबर दिल्लीकडे गेलं. सावळद्याचं गेलं पुरातत्त्वाच्या ग्रंथांत. तिथे सापडलेल्या रंगीत खापरांवरून खानदेशातल्या आद्य शेतकऱ्यांच्या संस्कृतीला ‘सावळदा संस्कृती’ म्हणतात. त्या खापरांवर बाणांची टोकं, हत्यारं, जनावरं रंगवलेली असतात. पण ही माणसं राहत कशी होती, हे कळलं ते साक्री तालुक्यातल्या कावठ्याला.

धुळ्याहून सुरतेच्या रस्त्याला लागलं की साक्री येतं. कावठे आहे कान नदीच्या काठी. ही कान पुढे पांझरेला मिळते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन केलं आणि इसवी सनापूर्वी २०००च्या सुमाराचं गाव उजेडात आलं. घर म्हणजे जमिनीत खोदलेला खड्डा, भोवती मेढी रोवल्याची भोकं, वर शाकारलेलं छप्पर. मेढी कधीच कुजून गेल्या, पण भोकांतल्या मातीचा रंग वेगळा राहिला आणि त्यावरून घराचा घेर कळला. वस्तीचा थर पातळ आहे. थोड्या काळाचा मुक्काम, मग गाव उठलं ते उठलंच. भिंत, बुरूज शोधत जाणाऱ्याच्या हाती इथे काही लागत नाही.

याच पांझरेच्या खोऱ्यात शेतीची दुसरी, पुष्कळ अलीकडची खूण आहे: फड. साधारण तीन-चारशे वर्षांची ही पद्धत. नदीवर दगडचुन्याचा बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या. पाणी उताराने आपसूक वाहतं. भिजणाऱ्या रानाचे तीन-चार फड पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा इथे ऊस, तर पुढच्या साली दुसरं काही. नदीला पाणी कमी असलं की एखादा फड पडीक ठेवायचा. प्रत्येक फडात बहुतेकांचा तुकडा असल्याने तोटाही वाटला जाई. पाणी देणारा पाटकरी, पीक राखणारा जागल्या. त्यांचा मेहनताना खळ्यावर धान्यात.

पुढे नद्यांवर वरच्या अंगाला धरणं झाली, शेतोशेती विहिरी आल्या, आणि बरेच फड मोडले. काही बंधाऱ्यांवरून मात्र आजही पाट वाहतो. उन्हाळ्याआधी गेलात तर पाटाच्या कडेने चालत शेवटच्या चारीपर्यंत जा. तिथे उभं राहिल्यावर सावद्याचा माणूस हिशेब करतोच: आमच्याकडे बोअर ज्याची त्याची, आणि दर काही वर्षांनी ती आणखी खोल न्यावी लागते. इथे पाणी किती आहे ते आधी बघत आणि मग किती पेरायचं ते गाव मिळून ठरवत असे.