विहिरीपर्यंतची तार आणि विजेचा हिशेब

विहिरीवरची मोटर जळाली की पहिला दोष जातो मोटरीला, दुसरा वायरमनला आणि तिसरा वीजपुरवठ्याला. मीटरपासून विहिरीपर्यंत गेलेल्या तारेकडे मात्र कोणी पाहत नाही. ती बिचारी मुकी! पण तिचाही हिशेब मांडता येतो, आणि त्याला शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडचे गणित लागत नाही.

आधी दोन शब्द पक्के करू. उंचावरच्या टाकीतले पाणी नळातून जोराने येते. टाकी जितकी उंच, तितका जोर अधिक. विजेच्या बाबतीत या जोराला आपण दाब म्हणू. तो मोजायचा व्होल्टमध्ये. आपल्या घरात तो २३० व्होल्ट असावा, अशी अपेक्षा असते. आता नळातून दर मिनिटाला किती पाणी वाहते, तसा तारेतून वाहणारा विजेचा प्रवाह. तो मोजायचा अँपियरमध्ये. हे दोन आकडे हाती आले की बाकीचे दोन आपण काढायचे. दाबाला प्रवाहाने भागले की वस्तू विजेला किती अडवते ते कळते. याला म्हणतात रोध, आणि त्याचे माप ओहम. दाबाला प्रवाहाने गुणले की वस्तू दर क्षणी किती वीज खाते ते कळते. ही शक्ती, आणि तिचे माप वॅट.

एक हजार वॅटची तारेची शेगडी घ्या. २३० व्होल्टवर ती सुमारे ४.३५ अँपियर प्रवाह घेते. भागाकार केला तर रोध येतो ५३ ओहम. गुणाकार केला तर पुन्हा हजार वॅट. आता संध्याकाळी दाब उतरून १८० व्होल्ट झाला असे समजा. शेगडीची तार तीच, म्हणून रोधही जवळजवळ तोच. १८० भागिले ५३, म्हणजे प्रवाह ३.४ अँपियर, आणि शक्ती फक्त ६१२ वॅट. दाब उतरला पाचव्या हिश्शाहून थोडा अधिक, पण उष्णता घटली शंभरात चाळीसच्या आसपास! चहाला वेळ का लागतो, ते यात आले.

हा भागाकाराचा नियम शोधणारे गेओर्ग ओहम हे जर्मनीतल्या कोलोन शहरी एका शाळेत शिक्षक होते. वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेऊन, स्वतः जुळवलेल्या साधनांवर त्यांनी मापे घेतली आणि १८२७ साली आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या देशात त्याचे फारसे कौतुक झाले नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्यांना पदक दिले. शिक्षक बंधुभगिनींनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी.

ओहमसाहेबांच्या त्या तारांवरूनच आपण विहिरीकडे येऊ. तार जितकी लांब, तितका तिचा रोध जास्त. जितकी जाड, तितका कमी. मीटरपासून विहीर २०० मीटरवर आहे. वीज जाते एका तारेने आणि परतते दुसरीने, म्हणून हिशेबाला ४०० मीटर धरायचे. इथेच बरेच जण चुकतात. बाजारात जिला ‘दीड एमएम’ म्हणतात, त्या तांब्याच्या तारेचा एवढ्या लांबीचा रोध होतो सुमारे ४.६ ओहम. एक अश्वशक्तीची मोटर ७ अँपियर घेते असे धरू. सात गुणिले ४.६, म्हणजे ३२ व्होल्ट वाटेतच खर्ची पडले. शिवाय ३२ गुणिले ७, म्हणजे सव्वादोनशे वॅट नुसती तार तापवण्यात गेले. सहा तास पंप चालला तर सव्वा युनिटाहून थोडे अधिक वाया, आणि त्याचे पैसे आपल्याच बिलात! तेच ‘चार एमएम’ची तार घातली, तर घट बारा व्होल्टवर येते.

पैशापेक्षा मोटरीचे नुकसान मोठे. शेगडी दाब उतरला की गुमान कमी खाते. मोटरीचे तसे नाही. तिला पाणी तेवढेच उचलायचे असते, म्हणून दाब कमी झाला की ती प्रवाह वाढवून मागते. प्रवाह वाढला की तारेतली घट वाढते, दाब आणखी उतरतो आणि आतले वाइंडिंग तापू लागते. चालू होताना तर मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. गावातच दाब दोनशेवर आला असेल, तर बारीक तारेच्या टोकाला ती नुसती गुणगुणत राहते, फिरत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबू नये.

एक खुलासा. मोटरीच्या बाबतीत व्होल्ट आणि अँपियर यांचा गुणाकार खऱ्या वॅटपेक्षा थोडा मोठा येतो, कारण तिच्यात दाब आणि प्रवाह एका तालात चालत नाहीत. शेगडी, इस्त्री आणि तार यांच्यापुरता आपला हिशेब चोख आहे.

हा नियम माणसाच्या शरीरालाही चुकत नाही. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपियर. शेगडीपुढे हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण माणसाचा जीव घ्यायला तो पुरेसा आहे. गळतीची वीज तोडणारे जे स्विच घरोघरी बसवतात, ते ०.०३ अँपियरलाच तुटावेत असे केलेले असतात. चिखलात अनवाणी उभे राहून स्टार्टरच्या पेटीला हात लावू नये, तो यासाठी.

म्हणून शाळेतला प्रयोग घरच्या विजेवर मुळीच करू नका. बॅटरीचे तीन सेल ओळीने जोडा, म्हणजे साडेचार व्होल्ट झाले. त्यांवर तारेचा छोटा दिवा लावून प्रवाह मोजा. तो ०.३ अँपियर आला, तर रोध १५ ओहम आणि शक्ती १.३५ वॅट. मग एक सेल काढून पुन्हा मोजायला सांगा. रोध थोडा कमी भरेल आणि एखादा चौकस मुलगा विचारील, गुरुजी, हे कसे? दिव्यातली तार आता पहिल्याइतकी तापलेली नाही, आणि अशा धातूची तार थंड असली की कमी अडवते.