'आर' मध्ये लायब्ररी लोड होत नाही? आधी हे तीन प्रश्न विचारा

संशोधनाचा डेटा 'आर' मध्ये तपासायचा म्हटलं की बऱ्याचदा पहिली अडचण संख्याशास्त्राची नसतेच. 'या नावाचं पॅकेज नाही' असा एरर येतो आणि गाडी तिथंच अडते. लगेच सगळं अनइन्स्टॉल करू नका. क्रमाने तीन प्रश्न विचारा.

१) पॅकेज आहे का, आणि कुठे आहे?
'आर' मध्ये लायब्ररी म्हणजे खरं तर पॅकेजेस ठेवायचं फोल्डर. पॅकेज इन्स्टॉल एकदाच करायचं, पण लोड मात्र प्रत्येक नव्या सेशनमध्ये करावं लागतं. आधी स्पेलिंग बघा. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं 'आर' वेगळी मानतं. मग 'लिबपाथ्स' कमांड चालवा. 'आर' कोणत्या फोल्डरमध्ये शोधतंय ते कळेल.

२) व्हर्जन जुळतंय का?
तुमचं वैयक्तिक लायब्ररी फोल्डर सहसा व्हर्जननुसार वेगळं असतं. ४.२ वरून ४.३ वर गेलात की जुनी पॅकेजेस 'हरवतात' ती यामुळेच. जुनं फोल्डर तसंच कॉपी करू नका, पॅकेजेस नव्याने इन्स्टॉल करा. २०२० मध्ये ४.०.० आलं तेव्हा तर सगळीच पुन्हा इन्स्टॉल करावी लागली होती. पॅकेज अपडेट करण्याआधी सेशन रीस्टार्ट करा, कारण आधीच लोड झालेलं जुनं व्हर्जन आडवं येतं.

३) कोणत्या क्रमाने लोड केलं?
हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण इथे एरर येतोच असं नाही. 'डीप्लायर' नंतर 'प्लायर' लोड केलं तर 'समराइज' हे फंक्शन 'प्लायर' चं वापरलं जातं आणि ते तुमचे गट विचारातच घेत नाही. पाच जिल्ह्यांच्या पाच सरासऱ्या हव्या होत्या, मिळते सगळ्यांची मिळून एकच. कोड बिनतक्रार चालतो, पण प्रबंधातला तक्ता चुकतो! म्हणून लोड करताना येणारी 'मास्क्ड' ची सूचना वाचा. 'प्लायर' आधी लोड करा, किंवा फंक्शनच्या आधी पॅकेजचं नाव आणि लागोपाठ दोन कोलन लिहा.

शेवटी एक सवय लावून घ्या: प्रत्येक विश्लेषणासोबत 'सेशनइन्फो' चं आउटपुट जपून ठेवा. प्रकल्प मोठा असेल तर 'आरएन्व्ह' वापरा, ते पॅकेजेसची व्हर्जन्स नोंदवून ठेवतं. वर्षभराने परीक्षकांनी तोच तक्ता पुन्हा काढायला सांगितला, तर ही नोंदच कामी येईल.