घरातील वीज गोठ्यापर्यंत नेताना

घरात वीज आली म्हणजे ती गोठ्यातही असावी, अशी इच्छा शेतकऱ्यास होणे साहजिक आहे. पहाटेची धार उजेडात काढता येते, रात्री विणाऱ्या गाईकडे लक्ष देता येते आणि कडबा कापण्याचे कष्ट कुट्टी यंत्रावर सोपविता येतात. परंतु घरातील जवळच्या बटणापासून दोन तारा ओढून गोठ्यात दिवा लावणे म्हणजे जनावरांच्या जिवाशी खेळ होय. दिवा लागला, एवढ्यावरून जोडणी बिनचूक झाली असे समजू नये. वीज गळू लागताच प्रवाह आपोआप बंद पडतो की नाही, हीच जोडणीची खरी कसोटी आहे.

गोठ्यात धोका अधिक का?

गोठ्यातील जमीन शेण, मूत्र व पाणी यांमुळे सदैव ओली असते. अशा जमिनीत वीज उतरली, तर जनावराच्या पुढील व मागील पायांखालच्या दाबात फरक पडतो आणि प्रवाह छातीतून, हृदयाजवळून जातो. माणसाच्या दोन पायांतून जाणारा प्रवाह हृदयापासून दूर राहतो. म्हणून जेथे माणसास केवळ झिणझिण्या येतात, तेथे बैल दगावू शकतो. शिवाय दावणीला बांधलेले जनावर दूरही पळू शकत नाही.

तार कोठून व किती जाडीची घ्यावी?

गोठ्यासाठी मीटरजवळील मुख्य फळ्यापासून स्वतंत्र शाखा काढावी. दोन अश्वशक्तीचे एकफेजी कुट्टी यंत्र चालू असता सुमारे 12 अँपियर प्रवाह घेते आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट घेते. गोठा घरापासून 30 मीटर दूर असून तांब्याची तार 1.5 चौरस मिलिमीटरची असल्यास, यंत्र चालू असता सुमारे 9 व्होल्ट दाब वाटेतच खर्च होतो. सुरू होताना दाब याहूनही पुष्कळ घटतो, मोटर अडते व तापते. चार चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास ही घट सुमारे साडेतीन व्होल्टवर येते. नव्या यंत्रामुळे घराच्या मंजूर भारापेक्षा एकूण भार वाढत असेल, तर वीज कंपनीच्या कार्यालयाकडे प्रथम भारवाढीचा अर्ज करावा.

अंगणातून तार नेण्यास पोलादी कवचाची केबल जमिनीखालून नेणे उत्तम. चर सुमारे 75 सेंटिमीटर खोल खणावा, तळाशी वाळू पसरावी, केबलवर पुन्हा वाळू व विटांचा थर द्यावा आणि मग माती लोटावी. केबल कोणत्या बाजूने गेली आहे, याची खूण ठेवावी. तार झाडाला, कुंपणाला किंवा कपडे वाळविण्याच्या तारेला कदापि बांधू नये.

केवळ फ्यूज पुरेसा नाही

यंत्राच्या लोखंडी सांगाड्यात वीज उतरली तर फ्यूज जाईल, असा अनेकांचा समज असतो. तो नेहमीच खरा ठरत नाही. गोठ्याजवळ पुरलेल्या भूसंपर्काच्या नळीचा रोध 20 ओहम असेल, तर 230 व्होल्ट दाबाने जमिनीत साडेअकरा अँपियरच प्रवाह जाईल. सोळा अँपियरचा फ्यूज त्याने वितळणार नाही आणि सांगाडा जिवंत राहील.

यास्तव गोठ्याच्या शाखेवर 30 मिलिअँपियरचे आर.सी.सी.बी. बसवावे. गेलेला व परतलेला प्रवाह यांत तफावत पडताच हे साधन वीज तोडते. मात्र ते जादा भारापासून रक्षण करीत नाही, त्यासाठी एम.सी.बी. वेगळे हवे. या साधनांमुळे भूसंपर्काची गरज संपते, असेही समजू नये. भूसंपर्काची तिसरी तार गोठ्यापर्यंत न्यावी आणि लोखंडी खांब, गव्हाणी व पाण्याचे नळ तिला जोडावेत. न्यूट्रलऐवजी भूसंपर्काच्या तारेवर दिवा चालविण्याची चाल फार घातक आहे.

गोठ्यातील मांडणी

बटणांचा फळा जनावरांच्या शिंगांच्या व जिभेच्या आवाक्याबाहेर, शक्यतो गोठ्याच्या बाहेरील भिंतीवर पावसापासून आडोशाला असावा. शेण-मूत्राच्या वाफांनी तांब्या-पितळेचे जोड कुजतात, म्हणून तारा प्लास्टिकच्या नळीतून न्याव्यात व दिवे पाणी न शिरणारे निवडावेत. कडब्याच्या गंजीजवळ दिवा लावू नये.

हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. आर.सी.सी.बी.वरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे; वीज तुटली नाही, तर दुरुस्ती होईपर्यंत ती शाखा बंद ठेवावी. उन्हाळ्यात भूसंपर्काच्या जागी पाणी घालावे आणि मृगापूर्वी उंदरांनी कुरतडलेल्या तारा तपासून घ्याव्यात. जनावर विजेला चिकटल्यास त्याला हात न लावता प्रथम मुख्य बटण बंद करावे.

गावोगावी फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी गोठ्यास भेट देताना जनावरांच्या खाद्याबरोबर फळ्याचीही चौकशी करावी आणि चाचणीचे बटण आपल्यासमोर दाबून दाखविण्यास सांगावे. या कामास क्षणाचाही विलंब लागत नाही. परंतु दुभती गाय गेल्यास तिची भरपाई होण्यास शेतकऱ्याची कित्येक वर्षे जातात.