विश्लेषण : नेमबाजी शिकायचीय, पहिली रायफल कोणती, गोळी कोणती?

शाहूपुरी (कोल्हापूर) : राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. त्याआधी तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचे जागतिक विजेतेपद, तर राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचे सुवर्णपदक पटकावले होते. त्यामुळे शाहूपुरीसारख्या व्यापारी पेठेतल्या घरांतही आता ‘पोरांना रायफल घेऊन द्यायची का?’ हा प्रश्न निघतो. परदेशी बनावटीची स्पर्धेची एअर रायफल लाखांच्या घरात जाते. चुकीची घेतली तर पैसे अडकतात आणि मुलाची सवयही बिघडते. म्हणून थोडक्यात उत्तर असे, की रायफल सर्वांत शेवटी घ्यावी.

सुरुवात कुठून करावी?

नवशिक्याने आधी १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूल हाताळावे, तेही रेंजवरच्या शस्त्राने. पहिले काही महिने उभे राहणे, श्वास आणि ट्रिगर एवढेच शिकायचे असते. रायफल आवडते की पिस्तूल, डावा डोळा प्रभावी की उजवा, हे याच काळात कळते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचाही डावा डोळा प्रभावी असू शकतो. ते न तपासता घेतलेली उजव्या हाताची रायफल पुढे विकावी लागते.

परवाना लागतो का?

शस्त्र नियम २०१६ नुसार नळीचा व्यास ४.५ मिमीपेक्षा (म्हणजे .१७७ इंच) जास्त किंवा तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त असलेल्या एअरगनला परवाना लागतो. १० मीटर स्पर्धेची रायफल या दोन्ही मर्यादांच्या आत बसते. तरीही विक्रेत्याला ओळख व पत्त्याचा पुरावा द्यावा आणि अनुक्रमांक लिहिलेले पक्के बिल जपून ठेवावे.

जास्त जोराची एअरगन चांगली नाही का?

खेळासाठी नाही. हिशेब सोपा आहे. स्पर्धेचा पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला सुमारे १७० मीटर, म्हणजे ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास. कागदाला भोक पाडायला एवढी पुरते. जोर वाढला की धक्का वाढतो आणि नेम हलतो. एअर रायफलच्या लक्ष्यावर १० गुणांचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा असतो. तिथे जोरापेक्षा स्थिरता कामाला येते. शिवाय अशी बंदूक पाखरांवर चालवली, तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

पेलेट कोणता घ्यावा?

सपाट तोंडाचा. तो कागदात गोल, स्वच्छ भोक पाडतो आणि गुण मोजता येतात. टोकदार पेलेट भोक फाडतो. रायफलसाठी सुमारे ०.५३ ग्रॅम, तर पिस्तूलसाठी थोडा हलका, ०.४५ ग्रॅमच्या आसपासचा पेलेट बरेच जण वापरतात. डब्यावर डोक्याचा व्यासही लिहिलेला असतो : ४.४९ किंवा ४.५० मिमी. प्रत्येक नळीला वेगळा पेलेट मानवतो. रायफल टेकवून किंवा शिकंज्यात धरून तीन-चार प्रकारांच्या गोळ्या झाडाव्यात. ज्याचा गट सर्वांत लहान, तो घ्यावा. सरावासाठी स्वस्त प्रकार चालेल, पण स्पर्धेआधी काही दिवस स्पर्धेचाच पेलेट वापरावा. पेलेट शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

रायफल घेताना काय पाहावे?

नियमानुसार एअर रायफलचे वजन ५.५ किलोपर्यंत आणि एअर पिस्तूलचे १.५ किलोपर्यंत असू शकते. पिस्तूलच्या ट्रिगरचा ताण किमान ५०० ग्रॅम हवा. वाढत्या वयाच्या मुलासाठी दस्ता आणि गालाची पट्टी पुढेमागे, खालीवर होणारी घ्यावी. जुनी रायफल घेत असाल तर आधी हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. त्याची मुदत साधारणपणे १० वर्षे असते आणि आत सुमारे २०० बार दाब असतो. मुदत संपलेले सिलिंडर भरू नये. कोल्हापूरच्या पावसाळ्यात गंजाची भीती असते. ओल धरणाऱ्या बॅगेत शस्त्र ठेवू नये.

मग .२२ कधी?

स्वप्नील आणि राही यांच्या प्रकारांत .२२ लाँग रायफल काडतूस लागते. हे अग्निशस्त्र असल्याने परवाना अनिवार्य आहे. कोल्हापुरात पोलिस आयुक्तालय नसल्याने तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि पडताळणी स्थानिक पोलिस ठाण्यामार्फत होते. परवान्यासाठी वय २१ पूर्ण लागते. १२ वर्षांवरील मुले प्रशिक्षकाच्या देखरेखीत सराव करू शकतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येतात. खेळाडूंना सवलती आहेत, पण त्या कामगिरीच्या दर्जावर ठरतात.

.२२ मध्येही वेग नव्हे, एकसारखेपणा महत्त्वाचा. स्पर्धेची काडतुसे मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या आसपास किंवा कमी ठेवलेली असतात. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो, म्हणून लॉट तपासून मगच साठा घ्यावा. गोळी न भरता .२२ चा ट्रिगर दाबू नये. फायरिंग पिन नळीच्या कडेवर आदळू शकते. ड्राय-फायरची सोय किंवा नकली काडतूस वापरावे.

घरी सराव होतो का?

होतो, तोही गोळी न झाडता. शाहूपुरीतल्या फ्लॅटच्या पाच मीटरच्या खोलीत निम्म्या आकाराचे लक्ष्य भिंतीवर लावले, की कोन १० मीटरसारखाच येतो. रायफल ड्राय-फायरवर ठेवावी, पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि नळी कधीही माणसाच्या दिशेने वळू देऊ नये. गच्चीवर किंवा बोळात गोळी झाडणे टाळावेच.

पैसे कोणत्या क्रमाने खर्च करावेत?

आधी प्रशिक्षण आणि रेंजचे शुल्क. मग पेलेट. रायफल प्रकार असेल तर त्यानंतर मापाचे जॅकेट, पँट व बूट. ही सगळी खरेदी झाल्यावर, मूल सहा महिने तरी नियमित रेंजवर जात असेल आणि प्रशिक्षकही ‘आता घ्या’ म्हणत असेल, तरच रायफलसाठी पैसे काढावेत.