मुकुट गेला कुठे?

मित्रांनो, आई-बाबांबरोबर कधी स्कॉटलंडला जायचा योग आला, तर एक अख्खा दिवस डनॉटर किल्ल्यासाठी राखून ठेवा बरं का! अ‍ॅबर्डीनच्या दक्षिणेला स्टोनहेवन नावाचं छोटं बंदर आहे. तिथवर आगगाडीनं जायचं आणि पुढे समुद्रकाठच्या कड्यावरून चालत निघायचं.

थोड्याच वेळात समोर दिसतो सुमारे ५० मीटर उंचीचा प्रचंड खडक. तीन बाजूंना समुद्र! वाट आधी खाली उतरते आणि मग पायऱ्या चढून दरवाजाशी नेते. खडक जरा जवळून पाहा. शेंगदाण्याच्या चिक्कीसारखे त्यात गोल गोटे रुतलेले आहेत.

आत आता फक्त पडके अवशेष आहेत. उंच जुना मनोरा, घोड्यांच्या पागा, पाण्याचं मोठं टाकं. पण याच भिंतींआड एक थरारक गोष्ट घडली.

१६५१ साली क्रॉमवेलच्या सैन्यानं या किल्ल्याला वेढा घातला. आत होता स्कॉटलंडचा राजमुकुट, राजदंड आणि तलवार! इंग्लंडचा मुकुट आधीच वितळवला गेला होता. हा हाती लागला असता, तर याचंही तेच झालं असतं. किल्लेदार जॉर्ज ऑगिल्वी मूठभर शिपायांनिशी आठ महिने लढला. अखेर मोठ्या तोफा आल्या, भिंती ढासळल्या आणि मे १६५२ मध्ये किल्ला पडला. शत्रू आत शिरला, पाहतो तर काय? मुकुट गायब!

तो कसा गेला, याच्या दोन कथा सांगतात. एक अशी, की समुद्राकडच्या तटावरून तो दोरानं खाली सोडला आणि शेवाळ गोळा करायच्या बहाण्यानं आलेल्या मोलकरणीनं तो टोपलीत लपवला. दुसरी अशी, की किनेफ गावच्या पाद्र्यांची बायको क्रिश्चन फ्लेचर किल्लेदाराच्या बायकोला भेटायला आली आणि पहाऱ्यातून तो बेमालूम घेऊन गेली!

पाद्री जेम्स ग्रेंजर यांनी हा ठेवा आपल्या चर्चच्या जमिनीखाली पुरला. दमट हवेनं तो खराब होऊ नये म्हणून नवरा-बायको अधूनमधून रात्री तो उकरून काढत आणि शेकोटीपुढे धरत, असं सांगतात. ऑगिल्वी पती-पत्नीला कैदेत टाकलं, तरी शत्रूला पत्ता लागला नाही. आठ वर्षं हे गुपित टिकलं! १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर परतला, तेव्हा कुठे मुकुट बाहेर आला. आज तो एडिंबराच्या किल्ल्यात पाहायला मिळतो.

जाताना पायात चांगले बूट आणि अंगात जाड जाकीट हवंच. हवा फार वादळी असली की किल्ला बंद ठेवतात, म्हणून आधी चौकशी करा. आणि हो, समुद्राकडच्या तटावर गेलात, की जपून खाली डोकावा. दोरीची कथा खरी वाटते की क्रिश्चनबाईंची? आई-बाबांनाही विचारा!