ओढ्यातली आई, समुद्रातलं बालपण

फिश टँकमधल्या पानांवर शेवाळ माजलं, की जाणते हौशी लोक 'अमानो' आणून सोडतात. दीड-दोन इंचांची ही पारदर्शक कोळंबी दिवसभर शेवाळ खुडत असते. जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी १९८०च्या दशकात आपल्या पाणवनस्पतींच्या टाक्यांत तिला या कामाला जुंपलं आणि त्यांचंच नाव तिला चिकटलं. जपानीत ती 'यामातो नुमाएबी'. शास्त्रीय नाव कॅरिडिना मल्टिडेंटाटा.

काम चोख, पण वीण वाढवायची म्हटली, की ती भल्याभल्यांना रडवते. तिच्या नात्यातली चेरी कोळंबी वीस-तीस अंडी धरते आणि त्यांतून थेट आईसारखी दिसणारी इवली पिल्लं निघतात. अमानोची मादी पोटाखाली हजार-दोन हजार अंडी वागवते. चार-पाच आठवड्यांनी बाहेर पडतात त्या जेमतेम दोन मिलिमीटरच्या अळ्या, डोकं खाली करून तरंगणाऱ्या. निसर्गात ओढा त्यांना वाहवत समुद्रात नेतो. गोड्या पाण्यात अडकल्या, तर काही दिवसांत मरतात.

म्हणून पाळणाऱ्याला घरातच समुद्र मांडावा लागतो. रात्री दिवे मालवून टाकीच्या कोपऱ्याशी टॉर्च धरला, की अळ्या उजेडाकडे गोळा होतात; त्या नळीने ओढून घ्यायच्या. लिटरमागे तीसेक ग्रॅम समुद्री मीठ घातलेलं पाणी आधीच तयार हवं. त्यात हवेचे मंद बुडबुडे, अखंड उजेड आणि खायला सूक्ष्म शैवालाचं हिरवं पाणी. खाणं कमी पडलं तर उपासमार, जास्त झालं तर पाणी नासतं. नऊ वेळा रूप पालटत महिना-दीड महिना जातो. मग एके सकाळी एखादी अळी तरंगणं सोडून काचेवर सरळ चालू लागते. आता तिला हळूहळू गोड्या पाण्याची सवय करायची.

आपल्याकडे 'स्कॅम्पी' म्हणून शेततळ्यांत वाढवतात त्या मोठ्या कोळंबीचीही हीच तऱ्हा. तिच्या अळ्यांना निमखारं पाणी लागतं, हे शाओ-वेन लिंग यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियात शोधलं आणि तिच्या हॅचरींची वाट मोकळी झाली.

अमानोच्या बाबतीत मात्र दुकानांत येणारा बराचसा माल आजही ओढ्यांतून पकडलेलाच असतो. तेव्हा कुणाच्या घरी वाढलेल्या दहा अमानो दिसल्या, तर किंमत नंतर विचारा; आधी मिठाचं माप विचारून घ्या.